इनसेमला ३० पैकी ७ : इंजिनिअरिंग सोडायचं का?

प्रश्न : आम्ही बार्शीला राहतो. मुलाला बारावीला ८८ टक्के आणि सीईटीला ९३ पर्सेंटाइल होते. शेवटच्या फेरीत पुण्याला ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) मिळालं. आता इनसेममध्ये, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेत, गणिताला ३० पैकी ७ आणि मेकॅनिक्सला ५ आले. एंडसेम, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा, ७० गुणांची आहे, दोन्ही मिळून पासिंग ४० चं. सहा-सात आठवडे उरलेत. दिवाळीला आला तेव्हा "माझं होणार नाही, बी.एस्सी.ला घाला" म्हणाला. क्लास लावावा की प्रवेश रद्द करावा?

उत्तर : प्रवेश आत्ता रद्द करू नका. प्रवेशाची अंतिम तारीख उलटली की फी परत मिळत नाही, अनामत तेवढी मिळते. बी.एस्सी.चं वर्षही निम्म्यावर आलेलं असतं. थांबण्यात काही जात नाही.

मुलाची अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली उशिराची. शेवटच्या फेरीत आलेला विद्यार्थी वर्गात बसतो तोवर पहिलं युनिट बरंचसं शिकवून झालेलं असतं, आणि इनसेमचा पेपर नेमका सुरुवातीच्याच युनिटांवर निघतो. त्यामुळे हे ७ आणि ५ बरेचसे बुडालेल्या तासांचे आहेत.

दुसरी अडचण सवयीची, आणि ती जास्त खोल आहे. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एकाला दोन मिनिटंही नाहीत. निगेटिव्ह मार्किंग नाही. दोन वर्षं मुलं पर्याय घालून उत्तर ओळखायला शिकतात. इथे कोरं पान समोर येतं आणि एकेक गणित दीड-दोन पानं चालतं. मग मुलगा सोडवलेलं उदाहरण वाचतो, कळलंसं वाटतं, आणि परीक्षेत दुसऱ्या ओळीवर पेन थांबतं. म्हणून यापुढचा नियम एकच : उत्तर झाकून, कागदावर, शेवटपर्यंत.

गणितात अडतं ते बहुधा बारावीच्या पायावर. फोरिअर सिरीज घ्या. त्यात नवं फार थोडं आहे, बाकी सगळं इंटिग्रेशन बाय पार्ट्स. तिथे चिन्ह चुकलं, किंवा साइन एन पाय शून्य असतो आणि कॉस एन पाय एकदा उणे एक, एकदा अधिक एक येतो हे लक्षात राहिलं नाही, की पुढचं पानभर फुकट. पार्शल डिफरन्सिएशनमध्ये तेच काम चेन रूल करतो. त्याला बालभारतीचं बारावी गणित भाग २ पाठवून द्या. डिफरन्सिएशन आणि इंडेफिनिट इंटिग्रेशन ही दोनच प्रकरणं, रोज वीस उदाहरणं, दहा दिवस. पहिल्या वर्षाच्या मुलाला बारावीचं पुस्तक उघडायची लाज वाटते. रूमवर कुणी हसलं तर हसू दे.

मेकॅनिक्समध्ये मुलं सूत्रं पाठ करतात आणि फ्री बॉडी डायग्राम न काढताच समीकरणं मांडतात. निम्म्या चुका तिथल्या. वस्तू आधारापासून सोडवून एकटी काढायची, मग जिथून आधार काढला तिथे त्याची बलं दाखवायची : रोलरला एक, हिंजला दोन, फिक्स्डला दोन आणि वर एक मोमेंट, म्हणजे बलाचा फिरवणारा परिणाम. मोमेंट घ्यायचा तो सर्वांत जास्त अज्ञात बलं जिथे एकत्र येतात त्या बिंदूभोवती, म्हणजे ती गळतात. भिंतीला टेकवलेल्या शिडीच्या गणितात आणखी एक ठरलेली चूक होते : घर्षण दर वेळी म्यू गुणिले एन (घर्षणांक गुणिले लंब बल) धरणं. शिडी घसरायच्या बेतात असेल तेव्हाच ते खरं; एरवी ते समतोलाच्या समीकरणांतून काढावं लागतं. रोज तीनच गणितं, पण पूर्ण आकृतीसह.

आता हिशेब. गणितात ३३ हवेत, मेकॅनिक्समध्ये ३५. एंडसेमला चार युनिटं असतील तर एकेक १७-१८ गुणांचं. दोनच युनिटं करून गेला तर सगळं अचूक आलं तरच ३५ होतात, तसं होत नाही. तीन युनिटं नीट केली तर ५२ गुणांचा पेपर हातात येतो आणि त्यातले दोन तृतीयांश पुरतात. तेव्हा प्रत्येक विषयातलं सर्वांत नावडतं एक युनिट शेवटी ठेवावं, चारही अर्धवट करत बसू नये. काही ठिकाणी एंडसेममध्ये वेगळे ४० टक्के, म्हणजे ७० पैकी २८, लागतात. कॉलेजचा नियम परीक्षा विभागात विचारून घ्या. केटी (न सुटलेला विषय) राहिलीच, तर किती विषयांवर दुसऱ्या वर्षाला जाता येतं हेही तिथेच कळेल.

मागच्या पाच-सहा प्रश्नपत्रिका ग्रंथालयात मिळतात. शेवटच्या तीन आठवड्यांत त्या घड्याळ लावून सोडवाव्या. पेपर अडीच तासांचा असेल तर एका गुणाला दोन मिनिटं. उत्तर निघालं नाही तरी पायऱ्यांना गुण मिळतात, म्हणून अडलेलं गणित खोडून टाकू नये.

शेवटचे दोन आठवडे सबमिशनचे. जर्नल, असाइनमेंट आणि ड्रॉइंगच्या शीट साचल्या की रात्री त्यातच जातात. प्रॅक्टिकल झालं त्याच आठवड्यात जर्नल लिहून तपासून घ्यावं. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली तर डिफॉल्टर यादी लागते, म्हणून अभ्यासासाठी तास बुडवणं परवडत नाही.

क्लास लगेच नको. जाण्यायेण्यासकट रोजचे तीन तास जातात, आणि तिथे पुन्हा दुसरा सोडवतो, हा बघतो. दोन आठवडे वरचं करून मेकॅनिक्स हललंच नाही तर त्या एका विषयाचा लावा.

इंग्रजीची धास्ती असेल तर एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीतून मोफत आहेत. समजायला ती वाचावी, उत्तरं इंग्रजीत लिहावी.

फोनवर "अभ्यास झाला का" विचारू नका, त्याला एकच उत्तर असतं. "आज कोणतं गणित अडलं" विचारा. तुम्हाला ते कळायची गरज नाही. अडलेल्या गणिताचं नाव सांगता आलं म्हणजे तो वही घेऊन बसला होता. त्याचे जीएफएम, म्हणजे मुलांकडे लक्ष द्यायला नेमलेले शिक्षक, कोण, हे विचारून त्यांना एकदा फोन करा. तो जेवत नसेल, झोपत नसेल, खोलीबाहेर पडत नसेल तर मात्र गुणांचा विषय बाजूला ठेवून स्वतः पुण्याला जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कधीही मराठीतून बोलता येतं. रॅगिंगची शंका आली तर १८००-१८०-५५२२.

बी.एस्सी.चं निकालानंतर बघू. दोन्ही विषय सुटले आणि तरीही त्याला सर्किटपेक्षा शुद्ध भौतिकशास्त्र आवडत असेल, तर तेव्हा पुन्हा लिहा.