गोधडीचा भाव: घासाघीस झाली तर टाक्यांच्या ओळी कमी करा, मजुरी नको

ताई, पाच जुन्या सुती साड्यांची 60 बाय 90 इंचाची गोधडी 1500 ला ठरली आणि अर्धी शिवून झाल्यावर गिऱ्हाईक म्हणतंय, "बाजारात ब्लँकेट 500 ला मिळतं." या गोधडीचा भाव ठरला तोच राहू द्या, एक रुपयाही सोडू नका. पण 1500 मुळातच कमी होते.

हिशोब बघा. अर्ध्या इंचावर धावदोरा घातला की 60 इंचांत साधारण 120 ओळी बसतात. ओळ 90 इंचांची, म्हणजे 10,800 इंच, जवळजवळ पावणेतीनशे मीटर हातशिलाई झाली. घड्याळ लावून एक ओळ घाला. 15 मिनिटं लागली तर नुसत्या टाक्यांचेच 30 तास होतात. थर अंथरणं, कच्चे टाके आणि काठ यांचे 6 तास धरा. तासाला 70 रुपयांनी 36 तासांचे 2520, वर दोरा, अस्तर, धुलाईचे 450. झाले 2970. तासाचा दर तुमच्या गावाप्रमाणे ठरवा, तास मात्र खरे मोजा.

पुढच्या वेळी हा भाव गिऱ्हाईकाला परवडत नसेल तर सांगा, "ओळी एक इंचावर घेते, 1920 मध्ये होईल." 60 ओळी, सगळे मिळून 21 तास, मजुरीचा दर तोच. मात्र आतला थर लहान तुकड्यांचा असेल तर ओळी विरळ करू नका. धुतल्यावर तुकडे सरकून गोळे होतात आणि तक्रार तुमच्याकडेच येते.

बहुतेक भांडणांचं मूळ साड्या ताब्यात घेण्याच्या वेळी असतं. साडी गिऱ्हाईकासमोरच उजेडात धरा, दोन्ही अंगठ्यांनी आडवी-उभी हलकी ताणा. तर्रकन आवाज आला की ती विरलेली. ती आतच जाणार, वर घेतली तर टाक्याच्या रेषेत फाटेल. मग "तुम्ही फाडली" असं ऐकावं लागतं. लाल, जांभळ्या साडीवर ओलं पांढरं फडकं घासा. रंग लागला तर ती वेगळी भिजवून काढा, तरीही जात असेल तर परत करा. जरीचा पदर आत घालू नका, तो टोचतो. प्रत्येक साडीचा फोटो काढा आणि त्याच मेसेजमध्ये साड्यांची संख्या, माप, ओळींचं अंतर, भाव आणि तारीख लिहून "हो" मागा. निम्मे पैसे हातात आल्याशिवाय कात्री लावू नका, कारण कापलेली साडी परत जोडता येत नाही.

मापाचा वादही नेहमीचा. दाट टाक्यांनी कापड आक्रसतं, म्हणून 60 बाय 90 हवी असेल तर थर 63 बाय 94 चे अंथरा आणि "शिवून झाल्यावरचं माप, इंच-दीड इंच इकडेतिकडे" असं आधीच लिहा.

देताना गोधडी अंथरून दाखवा, बाकी पैसे तेव्हाच घ्या. टाका उसवला तर महिनाभर फुकट घालून द्या. जुनं कापड फाटलं तर त्याचे पैसे लावा. आणि उरलेले तुकडे, काठ, पदर पिशवीत घालून परत द्या. आईच्या साडीचा वीतभर तुकडाही लेकीला हवा असतो, तो दिसला नाही की मन कलुषित होतं.