नौपाड्यातलं घर पुनर्विकासाला देताना माळ्यावर बाबांचा बुलवर्कर (व्यायामाची स्प्रिंगवाली नळी, दोन्ही बाजूंना ताणायच्या वायरी) सापडला. माहितीपुस्तिका नाही. वापरता येईल का?

येईल, पण आधी वायरी बघा. दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांवरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं माळ्यावर पडून कडक होतं, तडकतं. तडकलेल्या जागी वाकवून पाहा. आतल्या पोलादी तारेचा एखादा धागा जरी सुटलेला किंवा गंजलेला दिसला तर ताणायला जाऊ नका. छातीसमोर धरलेली वायर तुटली की थेट तोंडावर येते. सायकलच्या ब्रेकची वायर लावण्याचा जुगाडही नको.

पुस्तिकेचं फार मनावर घेऊ नका. आत एक जाड स्प्रिंग आहे. दोन्ही टोकं आत दाबा किंवा वायरी बाहेर ताणा, दाबली जाते तीच. जमेल तेवढं दाबायचं, सात सेकंद तिथंच धरायचं, सावकाश सोडायचं. हे सेकंदांचं गणित 1950च्या दशकातल्या जर्मन संशोधनातून आलं: हेटिंगर आणि म्यूलर यांनी थोडा वेळ धरून ठेवलेल्या ताणानेही ताकद वाढते असं दाखवलं होतं. जाहिरातीतले पिळदार दंड मात्र तेवढ्यावर झाले नसावेत! नळीवरची मोजपट्टी आजही कामाची, कालच्यापेक्षा किती दाबलं ते कळतं. व्यायामांचा तक्ता हवाच असेल तर नावाने शोधा, जुन्या प्रतींचे स्कॅन नेटवर मिळतात.

धरून ठेवताना श्वास रोखू नका, रक्तदाब झपकन चढतो. बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.