टाचेचे हाड वाढले म्हणून कॅल्शियम बंद करावे का?

एक्स-रेमध्ये टाचेखाली हाडाचा काटा दिसल्यामुळे दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद कराव्यात का, तसेच तो काटा विरघळवणारे औषध मिळते का, असे आपण विचारले आहे. दोन्हींचे उत्तर नकारार्थी आहे. गोळ्या डॉक्टरांनी दिलेल्या असतील, तर त्यांना विचारल्याशिवाय त्या सोडू नयेत.

असे हाड आहारातल्या कॅल्शियममुळे वाढत नाही. सांध्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजू लागली की सांध्याच्या कडेने नवे हाड तयार होते. गुडघ्यात आणि मणक्यांत हेच घडते, आणि उतारवयात बोटांच्या टोकाकडच्या सांध्यांवर येणाऱ्या टणक गाठीही याच जातीच्या. टाचेत मात्र कूर्चेचा प्रश्न नसतो. तळपायाचे छोटे स्नायू आणि प्लांटर फॅशिया नावाचा चिवट पट्टा टाचेच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथे वर्षानुवर्षे पडणाऱ्या ताणातून काटा वाढतो.

काटा असूनही अजिबात न दुखणारे लोक पुष्कळ असतात, आणि टाच असह्य दुखत असूनही एक्स-रे स्वच्छ येणारेही. म्हणून फोटोपेक्षा दुखण्याची तऱ्हा पाहावी. सकाळची पहिली काही पावले जीव काढत असतील, थोडे चालल्यावर बरे वाटत असेल आणि फार वेळ उभे राहिल्यावर पुन्हा ठणकत असेल, तर दोष बहुधा त्या पट्ट्याचा असतो आणि उपचारही त्याचाच करायचा असतो.

अंथरुणातून उतरण्यापूर्वीच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, बोटे मुळाशी धरून नडगीकडे ओढावीत आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्यातला पट्टा दोरीसारखा ताठ झाला आहे ना, हे चाचपावे. असे 10 सेकंद, 10 वेळा, दिवसातून तीनदा. जोडीला पोटरी ताणण्याचा व्यायाम, मऊ टाचेची चप्पल (घरातसुद्धा), आणि वजन जास्त असल्यास ते कमी करणे. गुण यायला महिने लागतात, पण बहुतेकांना वर्षभरात शस्त्रक्रियेविना आराम पडतो. काटा तिथेच राहतो, दुखणे जाते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनची घाई मला पटत नाही, कारण त्याने पट्टा फाटण्याचा आणि टाचेची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो.

मात्र तरुण वयात दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही आखडत असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. आणि मणक्याचे हाड वाढलेल्या व्यक्तीच्या हातापायांतली ताकद कमी होत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.