ओघम लिपीतील प्रत्येक अक्षराला झाडाचेच नाव आहे का?

नाही, या प्राचीन आयरिश लिपीच्या मूळ २० अक्षरांपैकी बेह (भूर्ज), दार (ओक), कोल (हेझल) अशी थोडीच नावे निःसंशय झाडांची आहेत, तर ‘गोर्त’ म्हणजे चक्क शेत. उरलेल्यांना झाडे चिकटवली ती मध्ययुगीन आयरिश पंडितांनी, आणि सुमारे १३९० च्या बॅलीमोटच्या ग्रंथात ती परंपरा वाचायला मिळते. मुख्यतः ५व्या-६व्या शतकांतले शिलालेख त्याहून पुष्कळ साधे आहेत: दगडाची कडच मधली रेघ मानून तिच्या उजवीकडे एक खाच म्हणजे ‘ब’, डावीकडे दोन खाचा म्हणजे ‘द’, असे खालून वर कोरलेले ते लेख बहुधा ‘अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा’ एवढेच सांगतात. दागिन्यांवर व गोंदणांत मिरवणारी झाडांची दिनदर्शिका (ओघमची झाडे वर्षातल्या महिन्यांशी जोडणारी) मात्र २०व्या शतकातली आहे.