ठाण्याच्या तलावपाळीवर दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या मुलीला जन्मदाखल्याविना शाळेत प्रवेश मिळेल का?

होय, मिळेल, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलांना वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, आणि वर्ष अर्धे सरले असले तरी वयानुरूप वर्गात घ्यावे लागते. आडवी काठी तोलत चालणाऱ्या पोरीपुढे आपण नाणी टाकतो, शाळेचे मात्र विचारत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. ठाण्यातच २०१६ मध्ये तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली कंटेनरमध्ये रस्त्यावरील मुलांसाठी सिग्नल शाळा सुरू झाली. अडचण प्रवेशाची नसून टिकण्याची असते: बिऱ्हाड हलले की शाळा सुटते, म्हणून गाव सोडण्यापूर्वी पालकांनी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे नव्या गावच्या शाळेत दाखवून शिक्षण पुढे चालू ठेवण्याचे कार्ड, मागून घ्यावे.