वाचक विचारतात: सिंगापूरहून ब्रुनेईला जावं का?

प्रश्न : ताई, आमची मुलगी सिंगापूरला असते. पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. तिथून तीन-चार दिवस बोर्निओ बेटावरच्या ब्रुनेई या छोट्या देशात जाऊन यावं असं यजमानांच्या मनात आहे. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, तिथे सुलतानाचा महाल सोडून आहे काय? आम्ही दोघंही पासष्टीचे, त्यात माझे गुडघे दुखतात. तुम्ही तिथे राहिला आहात, म्हणून तुम्हालाच विचारते. जावं का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : जा. महालासाठी मात्र जाऊ नका, नदीसाठी जा.

यजमानांच्या तेलक्षेत्रातल्या नोकरीमुळे मी तिथे अकरा वर्षं राहिले. आमच्याकडे भारतातून पाहुणे यायचे. आल्या आल्या विचारायचे, महाल कुठे आहे? इस्ताना नुरूल इमानमध्ये १७८८ खोल्या आहेत हे खरं, पण तुम्हाला दिसणार ते मोठं फाटक आणि झाडीमागचे घुमट. आत सोडतात ते वर्षातून एकदाच, रमझान ईदेनंतर तीन दिवस. मी दोनदा गेले आहे. लांबलचक रांग लागते, सगळ्यांना जेवण मिळतं, मग पुरुष सुलतानांना भेटतात आणि बायका राणीला. लहान मुलांच्या हातावर पैशाचं हिरवं पाकीट ठेवतात. माझ्या मुलाने ते पाकीट अजून जपून ठेवलंय. तुमची तारीख ईदेशी जुळली तर जरूर जा. नाही जुळली तर हळहळू नका.

आता नदीबद्दल. राजधानीचं नाव बंदर सेरी बेगावान. एकदा मोठ्याने म्हणून बघा. बंदर तर आपलंच, सेरी म्हणजे श्री आणि बेगावान म्हणजे भगवान. आत्ताच्या सुलतानांच्या वडिलांनी १९६७ मध्ये गादी सोडली, तेव्हा 'सेरी बेगावान' हा त्यांचा किताब झाला. १९७० मध्ये शहराला तेच नाव दिलं. त्याआधी ते नुसतं ब्रुनेई टाउन होतं. तिथले लोक 'बंदर' एवढंच म्हणतात.

या बंदराच्या समोर, नदीच्या पात्रात खांब रोवून उभं राहिलेलं गाव म्हणजे काम्पोंग आयर. काम्पोंग म्हणजे गाव, आयर म्हणजे पाणी. मॅगेलनच्या तांड्यातला पिगाफेत्ता नावाचा इटालियन १५२१ मध्ये इथे पोहोचला. त्याने लिहून ठेवलंय की सगळं शहर खाऱ्या पाण्यात खांबांवर उभं आहे आणि त्यात पंचवीस हजार चुली आहेत. आज तेवढी वस्ती उरलेली नाही, बरेच लोक सरकारी घरं मिळाल्यावर जमिनीवर गेले. तरीही काही हजार माणसं अजून तिथेच राहतात. शाळा, मशीद, दवाखाना, पोलीसचौकी, अग्निशमन केंद्र, होड्यांसाठी पेट्रोलपंप, सगळं पाण्यावर. सकाळी गणवेशातली पोरं लाकडी फळ्यांवरून धडधडत शाळेत जातात. खाली नुसतं पाणी असतं, पण घाबरतो तो फक्त पाहुणा.

धक्क्यावर उभं राहून हात केलात की पेनांबांग, म्हणजे तिथली वल्ह्याऐवजी मोटरवर चालणारी होडी, लगेच वळून येते. पैलतीरी जायला साधारण एक डॉलर. होडीत उतरताना नावाडी हात देतो, पण गुडघे दुखत असतील तर भरतीच्या वेळी जा. ओहोटीला पायऱ्या खूप खाली जातात आणि त्यांवर शेवाळ असतं. पलीकडे गावाच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय आहे, ते आधी पाहा. मग फळ्यांच्या वाटेवरून मनसोक्त हिंडा. कुणाच्या ओट्यावर वाकून आत बघू नका, ती राहती घरं आहेत. पण हसून 'सलाम' म्हटलंत तर बसायला खुर्ची येते, हा माझा अनुभव.

त्याच दिवशी संध्याकाळी साडेचारच्या सुमाराला एखाद्या नावाड्याशी तासाभराचा भाव आधी ठरवा आणि नदीतून वरच्या अंगाला जा. महाल खरा दिसतो तो इथूनच, हिरव्या टेकडीवर दोन सोनेरी घुमट. त्याच्या पुढे खारफुटी सुरू होते. आमचा नेहमीचा नावाडी, आम्ही त्यांना पाकचिक म्हणजे काका म्हणायचो, एका वळणावर इंजिन बंद करायचे आणि बोटाऐवजी अंगठ्याने फांदीकडे दाखवायचे. (तिथे कुणाकडे किंवा कशाकडे तर्जनीने दाखवणं उर्मटपणाचं समजतात, एवढं लक्षात असू द्या.) फांदीवर लांब नाकाची, ढेरपोटी, तांबूस माकडं बसलेली असत. ही माकडं बोर्निओ बेटाखेरीज जगात कुठेच जंगलात आढळत नाहीत. एखादा नर या झाडावरून त्या झाडावर झेप घेतो तेव्हा अख्खी फांदी पाण्यापर्यंत वाकते. परतताना अंधार पडतो आणि १९५८ साली बांधलेल्या ओमर अली सैफुद्दीन मशिदीवर दिवे लागतात. त्या मशिदीचा सोनेरी घुमट मी शेकडो वेळा पाहिला असेल, पण होडीतून पाहिला की दर वेळी गप्प व्हायला होतं.

बाकी थोडक्यात. सिंगापूरहून विमानाने दोन तास. घड्याळ बदलायला नको, दोन्हीकडची वेळ एकच. पैसेही बदलायला नकोत: १९६७ पासून ब्रुनेईचा डॉलर आणि सिंगापूरचा डॉलर बरोबरीने चालतात, सिंगापूरच्या नोटा तिथल्या दुकानात घेतात. व्हिसाची चौकशी तिकीट काढण्याआधी ब्रुनेईच्या उच्चायोगाकडे करा. शुक्रवारी बारा ते दोन दुकानं, खाणावळी, सगळं बंद असतं, तेवढा वेळ खोलीवर विश्रांती घ्या. रमझानमध्ये दिवसा बाहेर खायला बसता येत नाही, तेव्हा तो महिना टाळलेला बरा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. मेथीचे ठेपले घेऊन जायचे का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : पहिल्या दिवसापुरते घ्या. पुढे लागणार नाहीत. भारतीय मुसलमानांच्या खाणावळी सगळीकडे आहेत. तिथे 'रोती कोसोंग' मागा. कोसोंग म्हणजे रिकामी, आत काही न भरलेली. पराठ्यासारखे पदर सुटलेली गरम रोटी आणि वाटीभर डाळ मिळते. डाळीत मांस घातलंय का, हे मात्र विचारून घ्या. भाज्यांमध्ये खरी अडचण 'बलाचान'ची, म्हणजे कोळंबीच्या वाटणाची. दिसत नाही, पण पालेभाजीतसुद्धा घालतात. म्हणून 'तानपा बलाचान', बलाचानशिवाय, हे दोन शब्द पाठ करून जा. मांस, मासे, कोळंबी नको हे तिन्ही वेगवेगळं सांगा, कारण नुसतं मांस नको म्हटलं की मासा येतो.

आणि आंबुयात जरूर चाखा. साबूच्या झाडाच्या खोडातल्या गराचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेली खळीसारखी चिकट लापशी. आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा असतो, हा खऱ्या साबूचा. बांबूच्या जोडकाडीवर, तिला चांदास म्हणतात, गोळा गुंडाळायचा, आंबट-तिखट चटणीत बुडवायचा आणि न चावता गिळायचा. चटणीत बहुधा बलाचान असतोच.

मला पहिल्यांदा आंबुयात माझ्या मलय शेजारणीने दिला. आषाढी एकादशी होती. ती काही खायला घेऊन आली आणि मी खुणेने नको म्हटलं. तिने विचारलं, 'पुआसा?' हा शब्द मी रमझानमध्ये तिच्याच तोंडून ऐकला होता, आणि तो आपल्या 'उपवास'वरून गेलाय हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी 'पुआसा' म्हणाले. ती घरी जाऊन पपई, रंबुतान आणि वाडगाभर आंबुयात घेऊन आली, सोबत नुसतं लिंबू, मीठ आणि मिरची. माझ्या लेखी ती साबुदाण्याची खीरच होती. पुढची सगळी वर्षं एकादशीची आठवण मला तिने करून दिली.

प्रश्न : तिथले कायदे फार कडक आहेत असं वाचलं. हिंदू पर्यटकांना त्रास होतो का?
(एक वाचक, मुंबई)

उत्तर : कायदे कडक आहेत. २०१४ पासून शरियत दंडसंहिता टप्प्याटप्प्याने आली आणि २०१९ मध्ये त्यातल्या शिक्षांवरून जगभर टीका झाली. त्यातल्या काही शिक्षा मला अमानुष वाटतात, आणि ज्यांच्यावर त्यांचं सावट आहे त्या तिथल्या माणसांची काळजीही वाटते. फाशीवरची स्थगिती पुढेही कायम राहील असं सुलतानांनी त्याच वर्षी मे महिन्यात जाहीर केलं.

तुमच्या रोजच्या फिरण्यात मात्र त्रास होणार नाही. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, मशिदीत वरून घालायला झगा देतात. दारू विकत मिळत नाही. बिगरमुस्लिम प्रौढांना ठरावीक प्रमाणात, म्हणजे दोन बाटल्या आणि बिअरचे बारा डबे, विमानतळावर नोंद करून नेता येतात आणि खासगीतच प्यावं लागतं. आपला धर्म आपल्या घरात ठेवायचा, अशी तिथली रीत आहे. आम्ही गणपती बसवायचो तो दार लावून, आरती हळू आवाजात, विसर्जन बादलीत. दहा घरची मराठी माणसं एका खोलीत दाटीवाटीने बसायची. मोठ्याने आरती म्हणावीशी फार वाटायची, हे खरं.

प्रश्न : तेंबुरोंगच्या जंगलात जाणं ज्येष्ठांना जमेल का?
(पुन्हा नाशिकच्याच वाचक)

उत्तर : झाडांच्या शेंड्यांवरून जाणाऱ्या उंच पुलापर्यंत नका जाऊ. शेकडो पायऱ्या आणि वर उभ्या शिड्या आहेत, तुमच्या गुडघ्यांना सोसणार नाहीत. पण लांबट लाकडी होडीतून नदीने वर जाणं जमेल. पाणी उथळ झालं की इबान जमातीचे नावाडी स्वतः उतरून होडी ढकलतात.

तिथवर जायचा रस्ताही बघण्यासारखा आहे. नकाशात ब्रुनेईचे दोन तुकडे दिसतात, तेंबुरोंग हा त्यातला पूर्वेकडचा. कारण १८९० मध्ये शेजारच्या सारावाकचा (आता ते मलेशियात आहे) गोरा राजा चार्ल्स ब्रुक याने मधलं लिंबांग खोरं गिळलं. त्यामुळे देशातल्या देशात जायला मलेशियातून जावं लागायचं, किंवा अरुंद वेगवान बोटीने. तिला लोक 'उडती शवपेटी' म्हणत. त्या बोटीत मी डोळे मिटून बसायचे. २०२० मध्ये उपसागरावर तीस किलोमीटरचा पूल झाला. मागच्या वर्षी मी त्यावरून गेले तेव्हा दोन्ही बाजूंना नुसतं पाणी आणि खारफुटी होती. गाडी भाड्याने घ्या, आपल्यासारखीच डावीकडून चालवायची असते. टॅक्सीवर विसंबू नका, त्या फार थोड्या आहेत. सकाळी सातला निघालात तर ऊन चढायच्या आत होडीत बसाल.