पुरानंतरची बाग

प्रश्न: वाशिष्ठीचं पाणी अंगणात शिरून कुंड्या गाळाने भरल्या. आमच्या बागप्रेमी गटाने एकमेकांना कशी मदत करावी? – एक वाचक, चिपळूण

उत्तर: ताई, २२ जुलै २०२१च्या पुरानंतर आम्ही आधी सगळ्यांची घरं धुतली, मग झाडं. तुम्हीही तसंच करा. पानांवरचा गाळ वाळण्याआधी धुवा, कुंडीची भोकं मोकळी करा. चिखलात खुरपं घालू नका, माती दडपून मुळांची हवा तुटते. खत नवी पालवी फुटल्यावरच. बुडालेली पालेभाजी मात्र टाकून द्या, पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं. ज्यांचं सगळंच वाहून गेलं त्यांच्यासाठी जास्वंद, अनंत, मोगऱ्याच्या फांद्या आजच लावा. पावसात मुळं लवकर धरतात. रोपं स्वतः नेऊन द्या. फोनवर विचारलं तर संकोचाने कोणी मागत नाही.